इंचॉनलाही बंदर आहे

८ जानेवारी, गुरुवार

ग्वाक साहेब केबिनचं दार कधी लावून घेत नाहीत. आज लावलं. मला वाटलं, गेली नोकरी.

म्हणाले, "हेजिन, तुझं लग्न ठरलंय तो मुलगा यंगदो बेटावरच्या ओक्बुन ओमुकवाल्यांचा ना?"

"हो साहेब."

"आजीनं काढलेलं दुकान. आता तिसरी पिढी. मासा वाटून, हातानं थापून, समोर तळून देतात. बरोबर?"

मी म्हटलं बरोबर. फक्त मासा आता यंत्रात वाटतात, थापतात मात्र हातानंच. त्यांना ते फारच आवडलं. आमच्या तयार खाद्यपदार्थांच्या कंपनीला गोठवलेल्या ओमुकची नवी मालिका काढायची आहे आणि पाकिटावर जुन्या दुकानाचं नाव हवंय. नाव आणि कृती दोन्ही विकत घ्यायची. मी ते जमवून द्यायचं. जमलं तर इथे बुसानला नाही, सोलच्या मुख्य कचेरीत स्वतंत्र गट निघेल, आणि गटप्रमुख मी.

रक्कम त्यांनी बोलून नाही दाखवली, कागदावर लिहून कागद माझ्याकडे सरकवला. तेवढ्यात भाड्याच्या फ्लॅटची भली मोठी अनामत एकरकमी भरून होईल. तीही स्टेशनजवळच्या फ्लॅटची.

बसमध्ये लिहितेय म्हणून अक्षर असं. हे संपेपर्यंत जमेल तसं लिहून ठेवायचं ठरवलंय. मोठी गोष्ट हातात आली की मी घाई करते, आणि नंतर कुठे चुकलं ते आठवत नाही.

एक मात्र आधीच लिहून ठेवते. मला सोलचा मोह वगैरे काही नाही. हे मी आमच्या दोघांसाठी करतेय. ग्यूहोचे तेलानं भाजलेले हात मला बघवत नाहीत.

१० जानेवारी, शनिवार

दुकानात गेले तेव्हा गर्दी होती. ग्यूहो कढईपाशी, त्याची आई गल्ल्यावर. आईंनी मला बघताच काडीला लावलेला गरम ओमुक हातात दिला आणि म्हणाल्या, "आधी खा. तुझ्या कचेरीत उपाशी ठेवतात की काय, गाल बसलेत."

गिऱ्हाईक पांगल्यावर मी सगळं सांगितलं. रक्कम सांगितली तेव्हा आईंच्या हातातलं फडकं थांबलं. पण त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, ग्यूहोकडे बघत होत्या.

ग्यूहो झाऱ्यानं तेलातला चुरा काढत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे दुकान बंद करायचं?"

"नाव त्यांचं होईल. त्या नावानं इथे विकता येणार नाही."

"आणि मी? मला त्यांच्या कारखान्यात जावं लागेल? शिकवायला वगैरे?"

कसं विचारलं त्यानं! चेहरा पार उतरला होता. बापाच्या मागे बावीस वर्षांचा असताना हा मुलगा या कढईपुढे उभा राहिला, अकरा वर्षं हलला नाही. आता त्याला भीती वाटतेय की आपल्याला कोणी वाऱ्यावर सोडेल. मी त्याचा दंड धरला आणि म्हटलं, "काळजी करू नकोस. तुला ते वाऱ्यावर सोडणार नाहीत, एवढं मी बघेन."

तो काही बोलला नाही. त्याचं असंच आहे. तो गप्प बसला की त्याच्या मनातलं मलाच ओळखावं लागतं, आणि आता चार वर्षांनी मला ते बरं जमतं.

आई म्हणाल्या, "ग्यूहो म्हणेल तसं करू. माझं काय."

२० जानेवारी, मंगळवार

मंगळवारी दुकान बंद असतं. तरी आज दिवसभर त्याचा फोन लागला नाही. मागच्या मंगळवारीही नाही. संध्याकाळी धक्क्यावर भेटला. नखांत काळं ग्रीस. बर्नर दुरुस्त करत होतो म्हणाला. जाणारच आहे दुकान, तरी बर्नर दुरुस्त करतोय!

मला कराराबद्दल बोलायचं होतं. त्याला नव्हतं बोलायचं. समोरच्या बंदरातल्या क्रेन दाखवत होता. वर चालवणाऱ्याची खोली असते, तिची जमीन काचेची असते, पायाखाली थेट जहाज दिसतं. वारा किती असला की काम थांबवतात, दोरांवरचा कंटेनर झोके खायला लागला तर उलट झोका देऊन तो कसा थांबवायचा. हातवारे करून सांगत होता. दुखऱ्या विषयाला बगल द्यायची तर माणूस काय वाट्टेल ते बोलतो.

मी म्हटलं, "बरं, कराराचं काय?"

"तू म्हणशील तसं," म्हणाला, आणि परत पाण्याकडे बघत राहिला.

२९ जानेवारी, गुरुवार

कराराचा पहिला मसुदा आला. एक अट वाचून मलाच कसंतरी झालं. दहा वर्षं प्यो, म्हणजे ग्यूहोच्या, घराण्यातल्या कोणीही ओमुकचा धंदा करायचा नाही. या नावानं नाही, दुसऱ्या नावानंही नाही.

जेवायच्या सुट्टीत पूल ओलांडून दुकानात गेले आणि सांगून टाकलं. लपवण्यासारखं नव्हतंच.

"दहा वर्षं?" ग्यूहो म्हणाला.

"हो."

"म्हणजे मला करायचं म्हटलं तरी करता येणार नाही? कायद्यानं?"

"नाही."

तो हसायला लागला. मोठ्यानं. मासे टाकायला आलेला माणूस वळून बघायला लागला तरी थांबेना. मग समोरच्या खानावळीत गेलो तर त्यानं डुकराच्या हाडांच्या सुपाचे दोन वाडगे भात घालून संपवले. मला घास उतरत नव्हता. माणूस फार दुखावला की असा हसतो, असा खातो. माझ्या वडिलांचं दुकान बुडालं तेव्हा तेही असेच दोन-दोन माणसांचं जेवत.

काहीतरी केलं पाहिजे.

३ फेब्रुवारी, मंगळवार

माझ्या आईचा गिम्हेहून फोन. "तुझ्या मावसबहिणीनं नवा फ्लॅट घेतला. वरून डोंगर दिसतो म्हणे. तुमचं काय? मे महिन्यात लग्न आणि नवरा-नवरी राहणार कुठे, ओमुकच्या कढईत?"

मी सांगितलं की मोठं काम चाललंय. "मोठं काम तू गेली आठ वर्षं करतेयस," आई म्हणाली. फोन ठेवल्यावर मी जिन्यात जाऊन थोडी रडले, मग तोंड धुऊन ग्वाक साहेबांकडे गेले.

चांगली तासभर भांडले. अट कमी करायला ते तयार नाहीत. पण ग्यूहोला सल्लागार म्हणून ठेवायचं त्यांनी कबूल केलं. पाच वर्षं, महिन्याला पगार. शिवाय पाकिटावर त्याचा फोटो. कढईपुढे उभा, हातात झारा. "तिसऱ्या पिढीचा हात" असं खाली लिहायचं. ही कल्पना माझी.

साहेब म्हणाले, "हेजिन, तुला नवरा फुकटात मोठा करून घेता येतोय बघ." त्यांना विनोद करायचा होता. मी हसले.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

आज ग्यूहोला ती बातमी दिली. वाटलं होतं, उचलून घेईल.

"पाच वर्षं?"

"हो! भांडून मिळवलीत. आणि फोटो."

"कुठे?"

"पाकिटावर. देशभर. सुपरमार्केटच्या फ्रीजरच्या कपाटांत सगळीकडे तू!"

तो मोरीशी गेला आणि हात धूत बसला. साबण लावला, धुतले, पुन्हा लावला. कोपरापर्यंत. नळाच्या आवाजात काहीतरी म्हणाला, मला नीट ऐकू आलं नाही. "काय?" विचारलं तर म्हणाला, "काही नाही. पाणी गार आहे."

मग मला कळलं. पगार, फोटो, यातलं काहीच त्याला दुकान परत देणार नाही. मी त्याच्या जखमेवर पाकीट चिकटवत होते. पाकिटावरच्या फोटोत उभं राहायचं आणि आपल्या खऱ्या कढईपुढे नाही, हे कोणाला सहन होईल?

पण आता मागे कसं फिरणार? साहेबांनी वर कळवलंय. सोलमध्ये माझं नाव चर्चेत आहे. कँटीनमध्ये परवा दुसऱ्या विभागातल्या बाईनं माझ्यासाठी खुर्ची ओढली. आठ वर्षांत पहिल्यांदा.

१७ फेब्रुवारी, मंगळवार, चांद्र नववर्ष

दुपारी फळांची पेटी घेऊन ग्यूहोकडे गेले. पूर्वजांच्या पूजेचं सगळं सकाळीच झालं होतं. ग्यूहो "जरा चक्कर मारून येतो" म्हणून गेला तो तास झाला तरी आला नाही. सणाच्या दिवशीही!

आई खाली दुकानात होत्या. कढई गार. त्या तिच्या कडेवरून फडकं फिरवत होत्या आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं. मला बघून म्हणाल्या, "धूर गेला डोळ्यांत."

गार कढईचा धूर!

मी जवळ बसले. त्या म्हणाल्या, "मी लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी पहिल्या दिवशी हिच्यापुढे उभं केलं मला. भाजलं तेव्हा ओरडल्या, रडू नकोस, मीठ जास्त होईल." हसल्या. मग म्हणाल्या, "पोराचं आयुष्य आहे. त्याला हवं ते होऊ दे. तू काही मनाला लावून घेऊ नकोस."

त्याला हवं ते! आणि त्याला काय हवंय ते मला दिसतंय, त्यांना दिसतंय, फक्त तो बोलत नाही. माझ्यासाठी बोलत नाही. माझी बढती अडू नये म्हणून हा माणूस आपलं घरदार माझ्या पायाशी ठेवतोय.

घरी येताना बसमध्ये मला स्वतःची लाज वाटत होती.

५ मार्च, गुरुवार

उद्या सोलमध्ये समितीपुढे सादरीकरण. संचालक असतील. कारखान्यात बनवलेले नमुने डबे भरून तयार आहेत. मी आज चाखले. वाईट नाहीत. चांगलेही नाहीत. ओक्बुनचा ओमुक दाताखाली जरा दाबावा लागतो, मग माशाची गोडी सुटते. हा तोंडात गेला की गेला.

साहेब म्हणाले, "गोठवलेला माल आहे, लोकांना नाव हवं असतं. चव तू शब्दांत भर. त्यासाठीच तुला नेतोय."

कपाटाला गडद निळा कोट लटकवून ठेवलाय. खास उद्यासाठी घेतला.

मला काय करायचं ते ठरलंय. लिहिलं की पक्कं होईल म्हणून लिहितेय: मी उद्या 'घेऊ नका' म्हणून सांगणार.

६ मार्च, शुक्रवार

परतीच्या गाडीत. साहेब दुसऱ्या डब्यात जाऊन बसलेत.

सांगितलं. आधी आकडे, बाजार, सगळं नीट मांडलं. मग संचालकांनी विचारलं, "तुमचं स्वतःचं मत?" आणि मी म्हणाले की ही चव यंत्रात येत नाही, मी सगळे प्रयोग केलेत, येणार नाही. नाव विकत घेऊन वेगळीच वस्तू विकली तर बुसानचे लोक पहिल्या घासाला ओळखतील आणि नाव आपल्याच अंगावर उलटेल. माझी शिफारस, हा सौदा करू नये.

ग्वाक साहेबांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. संचालक म्हणाले, "स्पष्ट बोललात, बरं झालं." बरं झालं म्हणजे काय ते बाहेर आल्यावर कळलं. सौदा रद्द. गट निघेल, दुसऱ्या कुठल्यातरी दुकानाच्या नावानं, दुसऱ्या कोणाच्यातरी हाताखाली.

साहेब लिफ्टपाशी एवढंच म्हणाले, "तुला खाली ओढायला दुसरं कोणी लागत नाही गं."

वाईट वाटायला हवं. आणि वाटतंयही, छातीत दगड ठेवल्यासारखं. पण त्याच्याखाली काहीतरी उड्याही मारतंय. उद्या ग्यूहोला सांगेन. त्याचा चेहरा डोळ्यांपुढे आणून बघतेय. निळा कोट घालूनच जाईन.

७ मार्च, शनिवार

आजचं सगळं लिहून काढते. नाहीतर मी ते मनात बदलून टाकेन.

दुपारी गेले. गिऱ्हाईक नव्हतं. ग्यूहो कणकेसारखा मळलेला मासा फळीवर थापत होता, सुरीनं कापून तेलात सोडत होता. मी काउंटरच्या आत शिरले आणि म्हणाले, "दुकान वाचलं."

"काय?"

"सौदा मोडला. मीच मोडला. समितीपुढे सांगितलं, घेऊ नका म्हणून. आता कोणी तुझी कढई नेणार नाही. तू आयुष्यभर—"

त्यानं सुरी खाली ठेवली. गॅस बंद केला. आधी एक बर्नर, मग दुसरा. मग तिथल्याच पिंपावर बसला.

मला वाटलं, आनंदानं पाय गेले.

"कोणी सांगितलं तुला?" तो म्हणाला.

"कोणी कशाला सांगायला हवं? मला दिसत नव्हतं का? तू हसत काय होतास, हात काय धूत होतास..."

"हेजिन. तू मला विचारलंस?"

"तू गप्प होतास!"

"मी गप्प होतो म्हणजे माझ्या तोंडात तू बोलायचं?"

चार वर्षांत तो माझ्याशी या आवाजात बोलला नव्हता. मग त्यानं सांगितलं. खाली बघत, अडखळत, पण थांबला नाही. दर मंगळवारी तो बंदरापलीकडच्या प्रशिक्षण केंद्रात जातो. क्रेन चालवायला शिकायचं त्याच्या मनात बारा-तेरा वर्षांपासून आहे. सैन्यातली सक्तीची नोकरी संपवून आल्यावर नाव घालणार होता, तेव्हाच वडील गेले. आता प्रवेशपरीक्षा पास झालाय. एप्रिलपासून पूर्ण वेळ वर्ग. दहा वर्षांची अट ऐकली तेव्हा त्याला वाटलं, सुटलो. कोणी मला परत या कढईपुढे उभं करू शकणार नाही, आईसुद्धा नाही, माझं मनसुद्धा नाही. आणि मग मी त्याच्यासाठी भांडून पाच वर्षांची कैद घेऊन आले. फोटोसकट.

"मग सांगायचंस ना मला!" मी ओरडले. "चार वर्षं काय करत होतास?"

"कसं सांगू? पहिल्या दिवशी तू तुझ्या मैत्रिणींना माझी ओळख काय करून दिलीस, आठव. 'हा ओक्बुन ओमुकचा तिसऱ्या पिढीचा.' नाव नंतर सांगितलंस. मला वाटलं, पाटी उतरवली तर तू राहशील की नाही."

"मला सोल मिळत होतं! तुझ्यासाठी सोडलं मी!"

"मी कधी म्हटलं सोड म्हणून?"

"मग मी सोलला आणि तू इथे क्रेनवर? हे लग्न कसलं?"

तो उठला. त्यानं एप्रन काढलं, घडी घातली, पुन्हा उलगडलं. आणि अगदी हळू म्हणाला, "इंचॉनलाही बंदर आहे, हेजिन."

मला आधी कळलंच नाही.

"इंचॉन सोलपासून तासाभरावर आहे. वर्ग संपला की मी तिथल्या बंदरात अर्ज करणार होतो. केंद्रातल्या मास्तरांशी बोललोही होतो. नववर्षाच्या दिवशी त्यांच्याकडेच गेलो होतो, मिठाई घेऊन. सही झाली की त्याच संध्याकाळी तुला सांगणार होतो. सगळं ठरवलं होतं मी."

म्हणजे त्यानंही सगळं ठरवलं होतं, आणि मला विचारलं नव्हतं. हे मी त्याला तिथल्या तिथे म्हणायला हवं होतं. आत्ता लिहिताना सुचतंय. तेव्हा मी फक्त कढईतल्या तेलाकडे बघत उभी होते. बंद केलेल्या तेलात अर्धवट तळलेले तुकडे हळूहळू बुडत होते.

मागच्या दारात आई उभ्या होत्या. कधीपासून, माहीत नाही. म्हणाल्या, "झालं बोलून दोघांचं? बाहेर गिऱ्हाईक आलंय." आणि आत येऊन गॅस पेटवला.

८ मार्च, रविवार

ग्यूहो फोन उचलत नाही. आईंचा मात्र आला.

म्हणाल्या, "त्यानं काल मला सांगितलं, दुकान विकलं नाही तरी मी एप्रिलला जाणार. मी म्हटलं जा. त्याच्या परीक्षेची फी मीच भरली होती. त्याला नीट खोटं बोलता येत नाही, मंगळवारी बर्नर बिघडतो म्हणजे काय!"

"तुम्हाला सगळं ठाऊक होतं?"

"होतं. म्हणून तर विकायला तयार झाले. मी तेच सांगत होते ना तुला, त्याला हवं ते होऊ दे."

मग म्हणाल्या, "हेजिन, तुझं नुकसान झालं आणि मी हे बोलू नये. पण आज पहाटे उठून मळायला बसले तेव्हा मला इतकं बरं वाटलं गं. माझ्या हातात अजून काही वर्षं आहेत. त्यांची किंमत कोणी विचारली नव्हती, मीही सांगितली नव्हती. शेजारची विधवा बाई कामाला येते म्हणाली. आम्ही दोघी बघू."

त्यांच्या डोळ्यांतलं पाणी मी बरोबर वाचलं होतं. फक्त ते ग्यूहोच्या नावावर टाकलं.

२० मार्च, शुक्रवार

बदलीचा हुकूम आला. गिम्हेचा कारखाना, मालतपासणी. पगार तोच, पण आता मी काही नवं बनवायचं नाही, दुसऱ्यांनी बनवलेलं मोजायचं. सोलच्या गटाला माझ्यापेक्षा तीन वर्षांनी लहान मुलगा प्रमुख मिळाला. ग्वाक साहेबांनी निरोपाला केक आणला. कापायला स्वतः थांबले नाहीत.

आईकडे राहायला आलेय, इथून कारखाना जवळ. आई काही टोचून बोलत नाही. त्याचीच भीती वाटते.

खरं एक लिहू? कचेरीच्या लिफ्टमधून शेवटचं खाली येताना मला ग्यूहोचा राग आला नाही, माझी कीवही आली नाही. मला त्या मुलाच्या खुर्चीचा हेवा वाटला. जीव जळला. आठ जानेवारीला सोलच्या मोहाबद्दल मी जे वाक्य लिहिलंय ते खोडावंसं वाटत होतं. नाही खोडलं.

ग्यूहो दोनदा भेटून गेला. आम्ही फार सभ्यपणे वागतो एकमेकांशी, पाहुण्यांसारखं. कॉफी प्यायलो. लग्नाच्या हॉलबद्दल दोघंही बोललो नाही.

३ एप्रिल, शुक्रवार

सकाळी हॉलवाल्या बाईंचा फोन. मे महिन्यातली तारीख नक्की करायची तर आज उरलेले पैसे भरा, नाहीतर दुसरं कुटुंब थांबलंय. संध्याकाळपर्यंत कळवते म्हटलं.

दुपारपर्यंत माझं मनात सगळं ठरून गेलं होतं. ग्यूहोचा वर्ग परवाच सुरू झालाय, राहायला जागा नाही, त्याला आत्ता लग्न नको असणार, संकोचानं बोलत नसेल. आपणच रद्द करावं म्हणजे त्याच्यावर ओझं नको. हॉलचा नंबरही काढला. आणि अंगठा तसाच थांबला. हे सगळं मी कुठून आणलं? त्यानं यातलं अक्षर तरी म्हटलंय का?

कारखान्याच्या मागच्या आवारात, जिथे लाकडी फळ्या रचून ठेवतात, तिथे उभी राहून त्याला फोन लावला. त्याचीही जेवणाची सुट्टी होती. मागे बंदराचा गोंगाट.

"हॉलवाली विचारतेय," मी म्हटलं. "मी काहीही ठरवलेलं नाही. तुला काय हवंय?"

तो गप्प.

माझ्या तोंडात त्याच्यासाठी चार उत्तरं तयार होती. मी दात दाबून धरले. किती वेळ गेला कोण जाणे. आवारात मालाचा एक ट्रक येऊन रिकामा होऊन गेला.

"मला उंचीची भीती वाटते," ग्यूहो म्हणाला.

"काय?"

"काल पहिल्यांदा वर नेलं. काचेवर पाय ठेवला आणि गुडघेच गेले. मास्तर म्हणाले, होतं असं, चार-सहा आठवड्यांत जातं. नाही गेलं तर? दुकान सोडलं, तुझं सोल गेलं, आणि मी त्या खोलीत डोळे मिटून बसलो होतो. तुला सांगायची लाज वाटत होती."

हसू नये असं ठरवूनही मला हसू आलं. तोही हसला. मग आम्ही दोघंही जरा रडलो असू, फोनवर नीट कळत नाही.

तो म्हणाला, "मेमध्ये नको. पण रद्दही नको. मला आधी डोळे उघडे ठेवून वर बसता येऊ दे. हिवाळ्याच्या आत मी स्वतः तारीख विचारायला येईन. चालेल? नाही चालत असेल तर तसं सांग. माझ्याकडून ओळखून घेऊ नकोस."

"चालेल," मी म्हटलं. खरंच चालत होतं.

"आणि तुला?"

"मला काय?"

"तुला काय हवंय?"

मला कोणी विचारलंच नव्हतं, असं लिहायला सोपं आहे. पण मी तरी कोणाला विचारू दिलं? प्रत्येक वेळी आमच्या दोघांचं, आईचं, तुझं, असं काहीतरी पुढे करून मी मागे उभी राहिले. आत्ताही तेच ओठांवर आलं होतं: तू सुखी असलास की मला काय हवंय.

ते गिळलं.

"मला सोलला जायचंय," मी म्हणाले. "अजूनही. या कंपनीतून नाही तर दुसऱ्या. मला स्वतःचा गट हवाय. तू इंचॉनला आलास तर बरं, नाही जमलं तरी मला जायचंय."

पलीकडे नेमका मोठा भोंगा वाजला. ग्यूहो ओरडून म्हणाला, "काही ऐकू आलं नाही! पुन्हा सांग!"

सांगितलेलं परत घ्यायला तेवढा वेळ पुरेसा होता. फळ्या उचलणारे दोघं जण माझ्याकडे बघत होते.

मी पुन्हा सांगितलं. या वेळी मोठ्यानं.